उघड्या दारातली खुर्ची

१९ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र परवा मिळालं. फोन केला नाहीस ते बरं केलंस. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. दादा म्हणायचा, "हिच्या हातात फोन दिला की समोरच्याला वाटतं लाइन गेली."

तू आली नाहीस याबद्दल इथे कुणी काही म्हटलं नाही. आत्या म्हणाली, पण आत्या सगळ्यांनाच म्हणते. चिमीला घेऊन एवढा प्रवास, तोही या थंडीत, मलाही पटला नसता.

कसा गेला ते विचारलंस. शांतपणे गेला. दुपारी, बालवाडीत, खुर्चीवर बसल्या बसल्या. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसावा. चेहरा नेहमीसारखाच होता.

त्याच्या खोलीत फारसं काही नाही. हत्यारांची पेटी आहे, ती मी ठेवून घेते. चिमीसाठी केलेली लाकडी बदकं आहेत, आई आणि पिल्लं. चाकं लावायची राहिली आहेत. कुणाकडून तरी लावून घेईन आणि पाठवीन.

आता पत्राच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. "चिमी उद्या विचारेल, बाबा कसा माणूस होता. लोक बोलत होते त्यात काही होतं का? तुम्ही रोज त्याच खोलीत होता. मला खरं ते सांगा." तू मला पुन्हा 'तुम्ही' म्हणायला लागलीस, हेही लक्षात आलं.

उत्तर एका शब्दाचं आहे. नव्हतं. पण मी त्याची बहीण. बहिणीच्या एका शब्दावर तू चिमीला काय सांगणार? म्हणून मी पाहिलंय तेवढं लिहीन, जमेल तसं. ठरव मग तू.

तुझी,
नणंद


४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तू आमची झोपेची खोली कधी पाहिली नाहीस. त्याला घ्यायला यायचीस तेव्हाही फाटकाबाहेर उभी राहायचीस. त्यामुळे आधी खोली सांगते.

लांबट खोली आहे. खिडक्यांना निळे पडदे, त्यामुळे दुपारी आत पाण्याखाली असल्यासारखा उजेड असतो. दोन रांगांत सतरंज्या, मुलांच्या अंगावर पांढऱ्या चादरी. भिंतीला बुटकी कपाटं, ती दादाने केलेली. तू म्हणायचीस की मी त्याला या कामात ओढलं. तसं नव्हतं. तो त्या कपाटांसाठीच आला होता. दोन दिवसांचं काम होतं. दुसऱ्या दिवशी एक पोर रंध्याच्या भुशात, त्याच्या गुडघ्याला डोकं लावून झोपून गेलं. तो पाय न हलवता तासभर तसाच बसला आणि हातातलं काम बसूनच करत राहिला. बालवाडीच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो सुतारदादा, तुम्ही इथेच का येत नाही?" सगळे हसले. तो हसला नाही. त्याने खरंच अभ्यासक्रम केला. वर्गात एकटाच पुरुष. शिकवणाऱ्या म्हणायच्या, "चला मुलींनो," मग त्याच्याकडे बघून, "आणि तुम्ही."

मी त्याला दादा म्हणते आणि शिकवतात त्या बाई, म्हणून मुलांनी त्याचं नाव दादाबाई ठेवलं. त्याला ते आवडायचं. घरी येऊन तुला सांगितलं होतं त्याने. तू हसली नव्हतीस. तुझ्या ऑफिसात तेव्हा "मिस्टरांनी दूध गरम केलं का?" चालू होतं, हे मला नंतर कळलं. तुझा भाऊ घरी येऊन त्याला "आयाबाई" म्हणाला, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाहेर यायला हवं होतं, असं काही मी आता म्हणत नाही. आले असते तरी बोलले नसते.

चिमीच्या जन्माच्या आधी जे झालं ते तुला लोकांकडून कळलं. मी पाहिलं ते असं. आमच्याकडे एक कुरळ्या केसांची मुलगी होती, अजून आहे. घरी जायच्या वेळी ती त्याच्या पायाला बिलगून बसली आणि त्याला "आई" म्हणाली. सगळ्यांसमोर, मोठ्याने. तिचे वडील घ्यायला आले होते. ते डोक्यावरचं हेल्मेट कधी काढत नाहीत, म्हणून मावशी त्यांना हेल्मेटवाले म्हणतात. (मावशी म्हणजे आमच्याकडे झाडलोट करतात त्या.) तर हेल्मेटवाल्यांनी तिला ओढून घेतलं आणि म्हणाले, "हा बाप्या दिवसभर पोरींबरोबर करतो काय?" एवढंच. पुढचं बाकीच्या लोकांनी जोडलं.

मग नियम आला. तो मुलांबरोबर असेल तेव्हा दार उघडं. मांडीवर घ्यायचं नाही. थोपटायचं नाही. संडासला न्यायचं नाही. हात सगळ्यांना दिसतील असे ठेवायचे. मोठ्या बाईंनी तो मान वर न करता वाचून दाखवला. तो म्हणाला, "बरं." कपाटांच्या उरलेल्या फळ्यांची त्याने एक खुर्ची केली आणि झोपेच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली, अर्धी आत, अर्धी बाहेर. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसायचा. खुर्चीचा डावा पाय करकरतो. तो म्हणाला, "करकरू दे. मी हललो की कळेल सगळ्यांना."

तू त्याला म्हणालीस, नोकरी सोड, सुतारकाम कर, लोकांची तोंडं बंद होतील. तो म्हणाला, सोडली तर लोक म्हणतात ते खरं ठरेल. तुम्ही दोघंही बरोबर होतात असं मला वाटायचं. तू चिमीला घेऊन गेलीस त्या दिवशीही तो दुपारी त्या खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता.

आता एक गोष्ट लिहिते, ती मी कुणाला सांगितलेली नाही. मला मुलांचा लळा नाही. मी माझं काम नीट करते, पण माझ्या मांडीवर मूल आलं की मला ते कधी उतरेल असं होतं. हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणी बघितलंच नाही. मी बाई, म्हणजे ते माझ्यात असणारच. मी दार लावून बसले तरी कुणी विचारलं नसतं. आणि ज्याच्या हातात ते होतं, त्याला हात गुडघ्यांवर ठेवायला लावले.

म्हणून आम्ही एक पद्धत पाडली होती. तो खुर्चीतून बघायचा आणि हनुवटीने मला खूण करायचा. त्या कोपऱ्यातली, खांद्यापाशी. तो जाड्या, त्याला पाठीवर, जरा जोरात. मी थोपटायची. लोकांना वाटायचं, या बाईंच्या हाताला काय गुण आहे! हात माझे होते, एवढंच.

तुझी,
नणंद


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. चिमी दुपारची झोपेना झाली आहे, असं लिहिलंस. कधीपासून ते लिहिलं नाहीस. कळव.

मी विचारायचं कारण आहे. आमच्याकडेही तेच झालं. दादा गेल्यानंतर पहिले काही दिवस एकही मूल झोपलं नाही. रडत नव्हती, दंगाही नाही. सतरंजीवर उठून बसायची आणि दाराकडे बघत राहायची. सगळी एकाच बाजूला. नवीन शिकवायला लागलेली मुलगी आहे, फार हुशार, आत्ताच अभ्यासक्रम करून आली आहे. पहिल्या दिवशी ती माझ्याजवळ सरकली. म्हणाली, "ताई, ही अशी का बघतात?" मी म्हटलं, "सवय."

मी थोपटून पाहिलं. कुणाला कुठे ते मला पाठ होतं. पण मुलं माझा हात अंगावर पाल पडल्यासारखा झटकायची.

मग एका दुपारी मी दमले आणि भिंतीला टेकून बसले. हात पदराखाली. नवी शिकवणारी समोर पाण्याचे पेले भरत होती. खुर्ची उंबऱ्यावर होती, तिला कुणी हलवलं नव्हतं. ती करकरली. आणि मुलं आडवी झाली. आधी कोपऱ्यातली, मग जाड्या, मग कुरळी. तो ज्या क्रमाने खुणा करायचा त्याच क्रमाने.

चादरी पांढऱ्या आहेत आमच्या. जाड्याच्या पाठीवरची चादर दबत होती आणि वर येत होती. दोनदा पटपट, एकदा सावकाश. मी वारा आहे का पाहिलं. पडदे हलत नव्हते. मावशी दाराशी फरशी पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी बादली उचलली आणि खुर्चीला धक्का लागू नये म्हणून बाजूने वळसा घालून गेल्या. नंतर चहा देताना एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बाई, पोरं झोपली."

तू म्हणशील हिचं डोकं फिरलं. आत्या इथे असती तर म्हणाली असती. म्हणून मी थांबले आणि आठवडाभर बघितलं. या महिन्यात एक चष्मेवाली मुलगी नवीन आली आहे. तिने दादाला पाहिलेलंच नाही. तिला मी सहज विचारलं, "तुला झोप कशी लागते ग?"

"थोपटतात."

"कोण? मी?"

"तुम्ही नाही. ते. दारातले."

"कसं थोपटतात?"

तिने माझ्या दंडावर थोपटून दाखवलं. दोनदा पटपट, एकदा सावकाश. डाव्या हाताने. करंगळीजवळचं बोट मुडपून.

ते बोट तुला माहीत आहे. कारखान्यात करवतीने अर्धं गेलेलं. तू एकदा म्हणाली होतीस की त्याने पाठीवर हात ठेवला की अंधारातही कळतं, हा याचाच.

मी तिच्या चष्म्याच्या काचा पुसून दिल्या.

तुझी,
नणंद


७ मार्च

प्रिय वहिनी,

व्हायचं तेच झालं. मुलांनी घरी सांगितलं. दादाबाई थोपटतात. हेल्मेटवाले सकाळीच आले, आत हेल्मेटसकट.

"मेला ना तो माणूस?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "हो. हळू बोला."

"मग माझी मुलगी रोज घरी येऊन काय सांगते? इथे दुसरा कोण पुरुष येतो?"

"इथे कुणी पुरुष येत नाही. तोही आता येत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्यांच्याही कानावर आलं होतं.

"ते काही नाही. ती खुर्ची काढा आणि दार लावून घ्या. मी आज इथेच बसतो. बघतो कोण येतं."

मला फार वेळा राग येत नाही. तेव्हा आला. दार उघडं ठेवा म्हणून याच माणसाने नियम करायला लावला होता.  मोठ्या बाईंनी खुर्ची बाहेर, व्हरांड्यात ठेवायला सांगितली. मी ठेवली. दुपारी आम्ही दार लावलं. ते भिंतीशी छोट्या मुलांच्या स्टुलावर बसले, गुडघे छातीला लावून. नवी शिकवणारी, मी आणि मोठ्या बाई मुलांजवळ होतो. मुलं आडवी झाली आणि उठून बसली. सगळी बंद दाराकडे बघायला लागली.

बराच वेळ तसंच. मग बाहेर खुर्ची करकरली.

हेल्मेटवाले उठले. कुरळी म्हणाली, "बाबा, दादाबाई बाहेर बसलेत."

"मग आत का येत नाहीत?" ते म्हणाले. त्यांना असं विचारायचं नव्हतं, ते तोंडातून गेलं.

"दार लावलंय ना. दार लावलं की ते येत नाहीत."

खोलीत कुणी हललं नाही. बाहेर पुन्हा करकर झाली. जसं तो करायचा, वजन या पायावरून त्या पायावर. वाट बघणाऱ्या माणसासारखी.

दार मी उघडलं. व्हरांडा रिकामा होता, मावशीही मागच्या बाजूला होत्या. मी खुर्ची उचलून उंबऱ्यावर ठेवली, अर्धी आत, अर्धी बाहेर. मग आत येऊन भिंतीशी बसले आणि माझे हात सगळ्यांना दिसतील असे गुडघ्यांवर ठेवले. का ते मला माहीत नाही.

मुलं आडवी झाली. कोपऱ्यातली. जाड्या. मग कुरळी. तिची चादर तिच्या वडिलांच्या पायापासून हातभर अंतरावर होती. त्यांनी पाहिलं. दोनदा पटपट, एकदा सावकाश. ते वाकले, आपला हात चादरीवर न्यायला गेले आणि मध्येच थांबले. ती झोपल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं. माणसाला टक्कल आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. हेल्मेट पोटाशी धरून ते उभे राहिले. जाताना खुर्चीपाशी थबकले. मला वाटलं उचलून नेतात. त्यांनी फक्त अंग चोरलं आणि बाजूने गेले. बाहेर मोठ्या बाईंना म्हणाले, "खुर्ची असू द्या."

आता एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगते. मी पहिल्या पत्रात शांतपणे गेला म्हटलं आणि पुढे गेले. तो गेला तेव्हा मी त्याच खोलीत होते. त्या दिवशीही तो हनुवटीने खुणा करत होता, मी थोपटत होते. शेवटचा जाड्या राहिला होता. मी वर पाहिलं, दादाने हनुवटी त्याच्याकडे वळवली. पाठीवर, जरा जोरात. मी थोपटलं, तो झोपला. त्या दिवशी मुलं उठायची वेळ झाली तरी एकही उठलं नाही. दादाला हाक मारायला गेले तेव्हा कळलं. डॉक्टर आले, त्यांनी हात लावून पाहिला. म्हणाले, "अहो, यांना जाऊन बराच वेळ झाला. मुलं झोपायच्या आधीच गेले असणार."

मी त्यांना जाड्याचं सांगितलं नाही. आज तुला सांगितलं.

तुझी,
नणंद


२६ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं मोठं पत्र आलं. तू पुन्हा 'तू' म्हणालीस. मी ते वाक्य दोनदा वाचलं, मग पुढचं.

तू विचारतेस, मी चिमीला काही शिकवलं का. मी तिला पाहिलं तेव्हा ती दूध पिता पिता झोपणारं बाळ होती. मी काही शिकवलेलं नाही. बाहुलीला थोपटताना ती बोट मुडपते, हे तू लिहिलंस तेव्हा मी पत्र खाली ठेवलं आणि थोडी बाहेर जाऊन आले.

रविवारचं तू जे लिहिलंस ते मला पटतं. खालच्यांचा रेडिओ मोठ्याने चालू होता म्हणून तू दार लावलंस, चिमी उठली, दाराच्या मुठीपर्यंत हात पुरेना म्हणून उशी आणून तिच्यावर चढली, दार उघडलं आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. तू दारात उभी होतीस. आत गेली नाहीस. चादर पाहिलीस. तू लिहिलंस, "मला भीती वाटली, पण आत काही वाईट आहे असं वाटलं नाही. तेच जास्त भीतीचं होतं." मला हे वाक्य सुचलं नसतं, पण असंच होतं ते.

आणि तेव्हापासून तू दाराला कडी घालतेस. आणि ती झोपत नाही. नुसती दाराकडे बघत पडते. काय करू, असं विचारतेस.

वहिनी, तू जानेवारीत मला विचारलं होतंस, तो कसा माणूस होता. मी तुला पानं भरून लिहिलं. आता थोडक्यात सांगते. आता त्याला कोण अडवणार आहे? नियम करणारा, हेल्मेटवाला, तुझा भाऊ, तू, मी, कुणीच अडवू शकत नाही. भिंतीतून येता आलं असतं त्याला. तरी तो लावलेल्या दाराच्या आत एकाही लेकराजवळ गेला नाही. बाहेर बसून राहिला. चिमी त्याची स्वतःची मुलगी, तिच्याकडेही ती दार उघडेपर्यंत गेला नाही. यापेक्षा जास्त मला त्याच्याबद्दल सांगता येणार नाही.

मी खुर्ची पाठवते आहे. मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आपली मुलं?" मी म्हटलं, "मी आहे." मावशींनी खुर्ची पुसून जुन्या चादरीत बांधून दिली. डावा पाय ठोकू नकोस, करकरू दे. बदकंही त्याच गाठोड्यात आहेत. चाकं मीच लावली, म्हणून एक पिल्लू वाकडं चालतं.

आज उंबरा रिकामा होता. मुलं उठून बसली आणि दाराकडे बघायला लागली. करकर झाली नाही. मी दार उघडंच ठेवलं होतं. बराच वेळ बसून राहिले. मग कोपऱ्यातल्या मुलीपाशी गेले आणि बोट मुडपून खांद्यापाशी थोपटायला लागले. दोनदा पटपट, एकदा सावकाश. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. हात झटकला नाही. जाड्याला फार वेळ लागला. चष्मेवाली म्हणाली, "तुम्हाला नीट येत नाही." मी म्हटलं, "येईल." कुरळी तर माझ्या मांडीवरच झोपली. पायाला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही.

खुर्ची पोचली की खोलीच्या दारात ठेव. अर्धी आत, अर्धी बाहेर. कडी काढून टाक. आणि तू समोर बस, तुला ती दिसेल अशी. तो लाजेल, पण बस. कुणी बघत असलं की त्याला बरं वाटतं.

तुझी,
नणंद